घरातलं सॉकेट: दुरुस्त करायचं, वाढवायचं की हलवायचं?

गेल्या थंडीत नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका काकूंचा सकाळी साडेसहाला फोन आला. "दादा, गीझरचा प्लग काढायला गेले तर हाताला बसलं." मी विचारलं, शॉक बसला का? "नाही हो, शॉक नाही. चटका. तव्याला बोट लागतं तसा." मी त्यांना आधी मेन बंद करायला सांगितलं आणि तसाच निघालो. शॉक बसला की लोक लगेच वायरमनला बोलावतात. गरम प्लगकडे मात्र महिनोन्‌महिने कोणी बघत नाही, आणि घरातल्या बऱ्याच आगींची सुरुवात तिथूनच होते.

प्लेट उघडली. फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरच्या, स्क्रूखाली तांब्याची तार काळी पडली होती. तिच्यावरचं लाल प्लास्टिक तपकिरी आणि इतकं कडक झालं होतं, की वाकवल्यावर कुरडईसारखं तुटलं. सॉकेटच्या एका भोकाची कड वितळून आत ओघळली होती. स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावायचीही गरज पडली नाही, तो बोटानेच अर्धा फेरा फिरला. सगळ्या प्रकाराला कारणीभूत होता तो हा अर्धा फेरा.

याचा हिशोब सोपा आहे. काकूंचा गीझर इन्स्टंट, ३००० वॉटचा. आपल्याकडे घरात वीज २३० व्होल्टची, म्हणजे ३००० भागिले २३०, साधारण १३ अँपिअर करंट त्या स्क्रूखालून जातो. स्क्रू घट्ट असेल तर तिथे रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जवळपास नसतोच. सैल झाला, तार आणि स्क्रू यांच्यामध्ये काजळी धरली की रोध वाढतो. समजा तो फक्त ०.१ ओहम झाला. उष्णतेचं सूत्र म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध: १३ गुणिले १३ गुणिले ०.१, सुमारे १७ वॉट. आकडा लहान वाटेल. पण रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॉटची असते आणि ती धातू वितळवते. इथे १७ वॉट एका वाटाण्याएवढ्या जागेत, बंद डब्यात, रोज सकाळी.

"पण एमसीबी का नाही पडला?" काकूंनी विचारलं. सगळे हाच प्रश्न विचारतात. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. तो पाहतो फक्त करंट किती जातोय ते. करंट १३ अँपिअरच होता, जितका जायला हवा तितकाच. सैल स्क्रूमुळे तो वाढत नाही, झाला तर किंचित कमीच होतो. त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. सैल जोड पकडणारं यंत्र आपल्या साध्या बोर्डात नसतं. ते काम हाताचं आणि नाकाचं आहे: प्लग बराच वेळ चालल्यावर बाहेरून हात लावून बघायचा, आणि जळक्या माशासारखा वास आला तर तो प्लास्टिकचा आहे हे ओळखायचं.

मी बावीस वर्षं नाशिकमध्ये वायरिंगचं काम करतोय. सिडकोतली घरं, पंचवटीतले वाडे, गंगापूर रोडचे नवे फ्लॅट. लोक मला सॉकेटसाठी बोलावतात, आणि मला बहुतेक वेळा सॉकेटबद्दल नाही, त्याच्या मागच्या वायरबद्दल बोलावं लागतं. भिंतीवर दिसतो तो फक्त नळ. पाइपात किती पाणी येतंय ते नळाच्या तोटीवर ठरत नाही.

तीन भोकं

सॉकेटकडे समोरून बघा. वरचं मोठं भोक अर्थिंगचं. उजव्या हाताचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते. अर्थिंगमधून रोजच्या वेळी काहीच जात नाही. ती वायर वाट बघत बसलेली असते: फ्रिजच्या आत एखादी वायर सोलली जाऊन पत्र्याला टेकली, तर पत्र्यावर आलेली वीज आपल्या अंगातून न जाता तिच्यातून जमिनीत जावी, एवढ्यासाठी.

म्हणूनच प्लगची वरची पिन लांब आणि जाड केलेली असते. ती सगळ्यांत आधी आत शिरते आणि सगळ्यांत शेवटी बाहेर येते, म्हणजे फेज लागलेला असेपर्यंत अर्थिंग कधीच तुटलेलं नसतं. चांगल्या सॉकेटमध्ये ती आणखी एक काम करते. खालच्या दोन भोकांवर आतून प्लास्टिकचे पडदे असतात, वरची पिन आत गेली की ते बाजूला सरकतात. लहान मुलाने खिळा किंवा हेअरपिन घातली तर ती पडद्यावर अडते.

आता आपण काय करतो? चार्जर दोन पिनांचा असतो, तो आत जात नाही, म्हणून पेनचं टोपण नाहीतर कंगव्याचा दांडा वरच्या भोकात खुपसतो. पडदा उघडतो, चार्जर बसतो. रोज असं केलं की आतली पितळी पट्टी फाकते. मग एक दिवस त्याच सॉकेटमध्ये इस्त्री लावली, तर अर्थिंगची पिन आत गेलेली दिसते, पण फाकलेल्या पट्टीला नीट टेकतच नाही. माझी कळकळीची विनंती आहे, दोन पिनांसाठी वेगळी भोकं असलेलं सॉकेट लावून घ्या. ते मिळतं, महाग नसतं.

सॉकेट मुख्यतः दोन मापांचं. लोक अजून पाच आणि पंधरा म्हणतात, हल्ली त्यांच्यावर ६ आणि १६ अँपिअर लिहिलेलं असतं. कुठलं यंत्र कशात चालेल हे यंत्राच्या पाठीवरच्या वॉटवरून काढा: वॉट भागिले २३०. हजार वॉटची इस्त्री सव्वाचार अँपिअर, ७५० वॉटचा मिक्सर सव्वातीन, ही लहान सॉकेटची मंडळी. दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी पावणेनऊ अँपिअर, तिला मोठंच सॉकेट हवं. घोटाळा होतो तो मधल्यांचा. पंधराशे वॉटची पाणी तापवायची किटली साडेसहा अँपिअर घेते आणि कित्येकदा लहान सॉकेटवरच चाललेली असते. आणि मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये घालायला जो कन्व्हर्टर मिळतो, तो घरातून काढून टाका. त्याने प्लगचा आकार बदलतो. मागची वायर होती तेवढीच राहते.

दुरुस्ती: तुमच्या हातातलं आणि हाताबाहेरचं

कायदा इथे समजूतदार आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत, २०१० च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्याही, दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी वस्तू होती तशीच बदलायला सूट आहे, जोवर त्या बदलाने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही. त्यापलीकडचं काम, म्हणजे नवा पॉइंट काढणं, जागा बदलणं, लाइन वाढवणं, हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि परवाना असलेल्या माणसाच्या हातूनच व्हायला हवं. सरकारी कागदावर वायरमनला 'तारतंत्री' म्हणतात. त्याचा परवाना बघायला मागा. मला कोणी मागितला तर मला राग येत नाही, बरंच वाटतं.

फुटलेलं सॉकेट काढून तसंच नवं बसवायचं असेल तर काळजीपूर्वक करणाऱ्याला ते जमतं. त्यात सगळ्यांत धोक्याची गोष्ट म्हणजे वीज बंद आहे असा गैरसमज. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करूनही काही बोर्ड जिवंत राहतात. म्हणून मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, घरात सगळ्यांना सांगा, आणि मग टेस्टरने तपासा. तेही एकदा नाही. मेन बंद करण्याआधी टेस्टर चालू सॉकेटवर लावून तो पेटतोय याची खात्री करा. मग वीज बंद करून कामाच्या सॉकेटवर लावा. मग तोच टेस्टर दुसऱ्या कुठल्या तरी चालू जागी लावून बघा, शेजाऱ्यांकडे जावं लागलं तरी चालेल. मधल्या वेळेत टेस्टरच मेला असेल तर 'वीज नाही' हे त्याचं उत्तर खोटं असतं.

स्क्रू सैल करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. एकाच स्क्रूखाली दोन वायरी दिसल्या तर घाबरू नका. एक वीज घेऊन येते, दुसरी पुढच्या पॉइंटला नेते, याला आम्ही लूप म्हणतो. नव्या सॉकेटमध्येही त्या दोघी एकत्रच गेल्या पाहिजेत. एक सुटली की पुढच्या खोलीतला पंखा बंद पडतो.

जळलेली तार काळी पडलेल्या जागेच्या मागे, चकचकीत तांबं दिसेल तिथे कापायची. सुमारे एक सेंटिमीटर सोलायची, बारीक तारा पिळून एकत्र करायच्या, भोक मोठं असेल तर टोक दुमडायचं. तारा भोकात मावत नाहीत म्हणून चार-सहा कापून टाकणारे मी पाहिले आहेत. कापलेल्या प्रत्येक तारेबरोबर तो जोड कमजोर होतो. स्क्रू पिळल्यावर प्रत्येक वायर हाताने जोरात ओढून बघा. हाताने सुटली तर ती नीट बसलीच नव्हती.

आणि वायर कापल्यावर बोर्डापर्यंत पोचतच नसेल, किंवा पाइपात आतपर्यंत कडक झाली असेल, तर थांबा. आता हे सॉकेट बदलण्याचं काम राहिलेलं नाही. काकूंकडे असंच झालं. मी डीबीपासून, म्हणजे घरातले सगळे एमसीबी असतात त्या पेटीपासून, नवी वायर ओढली. नुसतं सॉकेट बदललं असतं तर दोन महिन्यांत त्यांचा परत फोन आला असता, आला असता तर.

नवा पॉइंट: वीज कुठून घेताय?

"दादा, इथे बोर्ड आहेच, त्यातून एक सॉकेट काढून दे." हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकतो. मोबाइलसाठी हवं असेल तर लगेच देतो. ओव्हनसाठी, एसीसाठी हवं असेल तर नाही देत, आणि का देत नाही ते समजावत बसतो.

घरातल्या वायरी एकसारख्या जाडीच्या नसतात. दिवे-पंख्यांच्या लाइनला साधारण १.५ चौरस मिलिमीटरची वायर असते, मोठ्या सॉकेटला २.५ ची, एसी-गीझरला ४ ची. दिव्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॉट, यापेक्षा जास्त टाकू नये असा जुना संकेत आहे. त्या बोर्डातून ओव्हन चालवला तर ओव्हन चालेल. तापेल ती भिंतीतली वायर. एमसीबी असतो तो या वायरीसाठी. यंत्राला वाचवणं हे त्याचं पहिलं काम नाही. १.५ च्या वायरला ६ किंवा १० अँपिअरचा, २.५ ला १६ चा, ४ ला २० चा, अशी जोडी असते. लोड वाढला, एमसीबी सारखा पडायला लागला, आणि कोणीतरी वैतागून तिथे ३२ चा बसवला, की पडणं थांबतं. आता वायर जळेपर्यंत कोणी अडवणारं नाही. असं घर दिसलं की मी मूळ काम बाजूला ठेवून आधी तो एमसीबी बदलतो.

मोठ्या यंत्राला डीबीपासून स्वतंत्र लाइन हवी, तीही तीन वायरींची: फेज, न्यूट्रल, अर्थ. तिन्ही एकत्र याव्यात. काही जण फेज नव्या एमसीबीवरून घेतात आणि न्यूट्रल शेजारच्या बोर्डातून उसना. सॉकेट चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण उसन्या न्यूट्रलवर दोन सर्किटांचा करंट येतो, आणि त्या वायरला वाचवणारा एमसीबी कुठेच नसतो. पुढच्या वेळी कोणी ते सर्किट बंद करून काम करायला बसला तर त्याला मेलेल्या समजलेल्या न्यूट्रलचा शॉक बसतो.

इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल वेगळं सांगतो, कारण हल्ली निम्मे फोन त्याचे असतात. स्कूटरचा चार्जर इस्त्रीपेक्षा फार मोठा नसतो. पण इस्त्री तापते, बंद होते, परत तापते, आणि अर्ध्या तासात काम संपतं. चार्जर रात्री चार-पाच तास सलग चालतो, आणि तेव्हा घर झोपलेलं असतं. सैल जोड शोधून काढायला यापेक्षा चांगली परीक्षा नाही आणि यापेक्षा वाईट वेळ नाही. त्यामुळे पार्किंगला स्वतःच्या मीटरवरून स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचं चांगलं सॉकेट, पावसापासून झाकलेला बॉक्स. खिडकीतून सोडलेलं एक्स्टेंशन नको. दोन-तीन मोठी यंत्रं वाढवली असतील तर महावितरणच्या बिलावरचा मंजूर भारही बघून घ्या, कमी असेल तर वाढवून घ्या.

जी वायर कोणाला दिसत नाही

या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते घरातली सगळ्यांत मोठी फसवणूक इथे होते.

सिडकोच्या जुन्या योजनांमधली कितीतरी घरं नंतर वर वाढली. खाली दोन खोल्या होत्या, त्यावर मजला आला, वर मुलाचा संसार आला, आणि वायरिंग खालचंच ओढत ओढत वर नेलं. अशा घरात बोर्ड उघडला की कधीकधी दोनच वायरी दिसतात. तिसरी हिरवी वायर नाहीच. सॉकेट मात्र तीन भोकांचं. काही जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी अजून आहेत. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं, त्यावर ऑक्साइडचा थर येतो, आणि तांब्याला थेट पिळून जोडलं तर जोड लवकर खराब होतो. तिथे एक सॉकेट बदलून काही होत नाही. नवं वायरिंग करा, असंच मी सांगतो.

दोन वायरींच्या घरात वरच्या भोकाचं काय करतात? प्रामाणिक माणूस ते रिकामं ठेवतो आणि तसं सांगतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस तारेचा एक तुकडा घेऊन न्यूट्रलचा स्क्रू आणि अर्थचा स्क्रू जोडून टाकतो. टेस्ट लॅम्प लावला तर पेटतो, मालक खूश. आता विचार करा, मीटरपासून इथपर्यंत न्यूट्रल कुठेतरी तुटला, एखादा जोड निसटला. फ्रिज बंद पडतो. पण फेज फ्रिजच्या आतून न्यूट्रलपर्यंत येऊन थांबलेला असतो, आणि तो न्यूट्रल त्या तुकड्याने फ्रिजच्या पत्र्याला जोडलेला आहे. म्हणजे पूर्ण २३० व्होल्ट फ्रिजच्या दारावर. फ्रिज का बंद पडला बघायला घरातली बाई दाराला हात लावते. मी हे वाचलेलं सांगत नाहीये. अशा एका घरात मी शॉक बसल्यानंतर गेलोय. माउली वाचली, कारण पायात रबरी चप्पल होती.

मल्टीमीटर असेल तर सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये थोडेसे, दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. त्या लाइनवर गीझर किंवा इस्त्री चालू असतानाही न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी शून्य आलं, तर प्लेट उघडून तो तुकडा शोधा. ज्यांना मीटर वापरता येत नाही त्यांनी हे काम वायरमनकडून करून घ्यावं, पण करून घ्यावंच.

हिरवी वायर आहे, खाली जमिनीत अर्थिंगचा खड्डा घेतलाय, म्हणजे झालं का? नाशिकची जमीन आठवा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. पावसाळ्यात ओल असते तेव्हा अर्थिंग छान चालतं. एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. समजा पावसाळ्यात अर्थिंगच्या वाटेचा रोध ५ ओहम आहे. पत्र्याला फेज लागला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जाईल. १६ च्या एमसीबीला झटक्यात पडायला, तो सी प्रकारचा असेल तर, ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ वर तो पडेल, पण काही सेकंद घेईल, कदाचित बरेच. उन्हाळ्यात रोध २० झाला तर करंट साडेअकरा. म्हणजे एमसीबी पडणारच नाही, आणि पत्रा जिवंतच राहील.

यावर उपाय एकच, आरसीसीबी. काही जण त्याला जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. दोन्ही सारखे असले पाहिजेत. ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला की तो ०.३ सेकंदाच्या आत घर बंद करतो. फरक पडलाय म्हणजे तेवढी वीज दुसऱ्याच वाटेने गेलीय, पत्र्यातून किंवा माणसातून. एमसीबीला जिथे ८० अँपिअर लागत होते तिथे याला ०.०३ पुरतात, म्हणून उन्हाळ्यातला कोरडा खड्डाही याला चालून जातो. घेताना ३० मिलिअँपिअरचाच घ्या. १०० आणि ३०० चे मिळतात, ते माणसासाठी नसतात. आणि त्यावरचं टी अक्षराचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो मेलेला आहे.

दोन गोष्टी त्याला जमत नाहीत. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर त्याला फरक दिसत नाही. आणि जास्त लोड झाल्यावर तो पडत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच. आमच्याच सातपूर-अंबडच्या कारखान्यांत स्विचगियर, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी यंत्रं, तयार होतं, आणि त्याच कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरी मी आरसीसीबी नसलेले बोर्ड पाहिलेत. मला त्याचं फार वाईट वाटतं.

बसवल्यावर आरसीसीबी सारखा पडायला लागला तर तो खराब आहे असं समजून काढून टाकू नका. उसना न्यूट्रल, तो तारेचा तुकडा, ओल धरलेलं बाहेरचं सॉकेट, गीझरचं झिजलेलं कॉइल, यांपैकी काहीतरी तो दाखवतोय. एकेक एमसीबी पाडून, एकेक प्लग काढून शोधलं की सापडतं.

जागा बदलताना भिंत

सॉकेट हलवणं म्हणजे भिंत फोडणं. झिरी, म्हणजे पाइपासाठी भिंतीत कापलेली खाच, नेहमी उभी किंवा आडवी, तिरकी कधीच नाही. तिरकी झिरी मारली की वायर वाचते, पण पाच वर्षांनी फोटो लावायला खिळा ठोकणाऱ्याला पाइप कुठून गेलाय याचा अंदाज येत नाही. बोर्डाच्या सरळ वर-खाली वायर असणार एवढं सगळ्यांना कळतं. कॉलम-बीमला कटर लावायचा नाही, सळई दिसली की हात थांबला पाहिजे. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारू नये, आणि दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बॉक्स बसवू नयेत. जोड पाइपात नको, प्लास्टरखाली नको, जोड फक्त उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये. जुनी जागा बंद करायची तर वायर मागच्या बोर्डापासून सोडवून घ्या. जिवंत टोकांना टेप लावून वरून पुट्टी फासणारे लोक आहेत. जमत नसेल तर जुन्या बॉक्सवर कोरी प्लेट लावा, दिसायला बरी नाही, पण खरी असते.

स्वयंपाकघरात सॉकेट ओट्यापासून वीतभर तरी वर, आणि शेगडी आणि सिंक दोघांपासून लांब. गीझरचं सॉकेट शॉवरचं पाणी उडणार नाही इतकं उंच, स्विच बाथरूमच्या बाहेर.

जुन्या वाड्यात मी झिरी मारतच नाही. मातीच्या, विटांच्या भिंती, त्यात सागवानी खांब. कटर लावला की ढपले निघतात. तिथे पट्टीचं वायरिंग, म्हणजे केसिंग-कॅपिंग, बरं. लोक म्हणतात दिसतं. दिसू दे. लाकडाच्या घरात वायर दिसलेलीच बरी.

आणि नदीकाठचं. सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटीचा घाटाकडचा भाग, इथल्या लोकांना मला काही शिकवायचं नाही. पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं यावर त्यांच्या घरात काय उचलायचं ते ठरतं. २००८ च्या सप्टेंबरमध्ये आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी बाजारात शिरली, तेव्हा सामान वर नेता आलं, सॉकेट भिंतीतच राहिले. पुरात बुडालेलं सॉकेट वाळवून परत वापरू नका. आत गेलेला गाळ वाळतो, पण जात नाही, आणि पुढच्या दमट हवेत तोच वीज वाहून नेतो. सॉकेट, स्विच, एमसीबी बदलायचे. पाइपातल्या वायरी मेगरने, म्हणजे ५०० व्होल्टचा दाब देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने तपासायच्या. एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ती वायर बाद. अशा घरात दुरुस्तीबरोबरच तळमजल्याचे सॉकेट पाण्याच्या खुणेच्या वर नेऊन घ्या, आणि तळमजल्याला वेगळा आरसीसीबी द्या, म्हणजे पाणी यायला लागलं की खालचं बंद करून वर दिवे चालू ठेवता येतात.

काम कुठलंही असो, वायरमन निघण्याआधी त्याच्याकडून प्रत्येक नव्या सॉकेटवर मीटर लावून घ्या, आरसीसीबीचं बटण दाबून घ्या, मोठं यंत्र अर्धा तास चालवून प्लगला हात लावून बघा. आणि भिंत फोडली असेल तर प्लास्टर करण्याआधी झिरीला मेजरिंग टेप लावून फोटो काढा, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, सगळं दिसेल असा. काकूंनी तो फोटो छापून डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे बाथरूमला नवा हँडल लावायला प्लंबर आला, तेव्हा त्याने आधी ते दार उघडलं आणि भोक चार इंच डावीकडे पाडलं.